माळव्याची अफू, इंदूरचा पास

१८३०नंतरची सुमारे ऐंशी वर्षं माळव्यातली अफू समुद्रमार्गे चीनला जात होती, आणि निघण्याआधी तिचा मोठा भाग इंदूरच्या सरकारी काट्यावर तोलला जात होता. वजन झालं की व्यापारी ठरलेली रक्कम भरायचा, त्याच्या हाती एक परवाना पडायचा आणि त्याच्या बळावर माल बिनधोक मुंबईची वाट धरायचा. या परवान्याला ‘पास’ म्हणत. त्याच काळात चीनमध्ये लाखो माणसं व्यसनात बुडाली, तिथली चांदी देशाबाहेर गेली, दोन युद्धं झाली आणि हाँगकाँग ब्रिटिशांच्या ताब्यात गेलं.

महिदपूरची लढाई, मंदसोरचा तह, राजवाड्याची कहाणी इंदूरच्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पासाची गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. ती इथे शेतापासून सुरू करून टप्प्याटप्प्यानं मांडली आहे. दूरच्या देशातला मोठा अन्याय एकट्यादुकट्या दुष्ट माणसाच्या हातून क्वचितच घडतो. तो अनेक हातांतून पुढे सरकतो, प्रत्येकाला आपलं काम रीतसर वाटतं आणि प्रत्येकाला आपापला वाटा मिळतो. ही साखळी कशी जोडली जाते, हे इंदूरच्या उदाहरणातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं फार कमी ठिकाणी दिसेल.

शेतातून वखारीत

माळव्याची काळी माती ओल धरून ठेवते आणि विहिरींना पाणी असलं की रब्बीत अफूचं पीक उत्तम येतं. पेरणी दिवाळीच्या सुमारास होते. माघ-फाल्गुनात झाडांना बोंडं धरतात. दुपारनंतर बोंडांना बारीक चिरा द्यायच्या, रात्रभरात चिरांतून पाझरणारं दूध घट्ट होऊ द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते खरवडून घ्यायचं, असं हे काम. एकाच बोंडाला काही दिवसांच्या अंतरानं पुन्हापुन्हा चिरा द्याव्या लागतात. अवकाळी पाऊस किंवा गारा आल्या तर वर्षाची मेहनत एका रात्रीत वाहून जाते. त्या पंधरा-वीस दिवसांत घरातली लहानथोर सगळी माणसं शेतात असतात.

खरवडलेल्या रसाला चीक म्हणत. तो वाळू नये म्हणून माळव्यात जवसाच्या तेलात ठेवत. शेतकऱ्याजवळ हा माल फार दिवस राहत नसे. बियाण्यासाठी, विहिरीसाठी, सारा भरण्यासाठी त्यानं सावकाराकडून उचल घेतलेली असे आणि पीक हाती येण्याआधीच ते बांधलं गेलेलं असे. अफूच्या जमिनीवरचा साराही इतर जमिनीपेक्षा जास्त असे. म्हणून रोख पैसा देणारं हे पीक असलं, तरी त्यातली बरीच रोकड शेतकऱ्याच्या हाताला नुसती लागून पुढे जात असे.

पुढचं काम व्यापाऱ्याच्या वखारीत चाले. चीक कापडी पिशव्यांत भरून तेल निथळण्यासाठी कित्येक आठवडे टांगून ठेवत. मग तो मोठ्या भांड्यांत मळायचा, गोळे वळायचे, अफूच्याच वाळक्या पाल्यात घोळवून सुकवायचे आणि पेट्यांत भरायचे. एका पेटीत सुमारे १४० पौंड, म्हणजे त्रेसष्ट-चौसष्ट किलो माल मावत असे. पुढचा सगळा हिशेब याच पेटीवर चाले.

दोन मुलुख, दोन पद्धती

हिंदुस्थानातून चीनला जाणारी अफू दोन भागांतून येत असे. एक बिहार आणि बनारसचा प्रदेश. तिथे ईस्ट इंडिया कंपनीचं राज्य होतं आणि १७७३ पासून अफूवर कंपनीची मक्तेदारी होती. शेतकऱ्याला उचल कंपनी देई, माल कंपनीच ठरलेल्या भावानं घेई, पाटणा आणि गाझीपूरच्या कारखान्यांत तो तयार होई आणि कलकत्त्यात त्याचा लिलाव होई. लिलावानंतर माल चीनला नेण्याचं काम खासगी व्यापारी करत. चीनच्या बादशहानं अफूवर १७२९ पासून वेळोवेळी बंदी घातलेली होती. म्हणून कंपनीनं आपल्या स्वतःच्या जहाजांवर अफू चढवण्याची मनाई करून ठेवली होती. पिकवायची, तयार करायची, विकायची आणि चीनच्या दारात मात्र आपला हात दिसू द्यायचा नाही, अशी ती व्यवस्था होती.

दुसरा भाग माळव्याचा. इथे होळकर, शिंदे, दोन्ही देवास, धार, रतलाम, जावरा आणि लगतच्या राजपुतान्यातली संस्थानं होती. कंपनीची मक्तेदारी इथे चालत नव्हती. पेरणी, सावकारी, खरेदी-विक्री सगळं देशी पेढ्यांच्या हाती होतं. ही अफू पश्चिम किनाऱ्यावरून बाहेर पडू लागली तशी ती कलकत्त्याच्या मालाशी स्पर्धा करू लागली. कंपनीला हे खुपत होतं.

२१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांच्या सैन्याचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला. होळकरांच्या वतीनं तात्या जोग आणि कंपनीच्या वतीनं जॉन माल्कम यांनी तो ठरवला. होळकरांची राजधानी इंदुरात स्थिरावली आणि इंदूरच्या रेसिडेन्सीत कंपनीचा प्रतिनिधी आला. आता माळव्याच्या अफूवर ताबा मिळवणं सोपं जाईल असं कंपनीला वाटलं.

ते सोपं गेलं नाही. आधी कंपनीनं स्वतः बाजारात उतरून अफू विकत घ्यायला सुरुवात केली. एवढं मोठं गिऱ्हाईक आल्यावर भाव चढले आणि शेतकऱ्यांनी पेरा वाढवला. मग १८२०च्या दशकाच्या मध्याला कंपनीनं संस्थानांशी करार केले. पेरा मर्यादित ठेवा, कंपनीखेरीज कुणाला माल नेऊ देऊ नका, त्याबद्दल भरपाई घ्या, असे ते करार होते. होळकरांनी करार केला, शिंद्यांनी नकार दिला. एक मोठं संस्थान बाहेर राहिल्यावर बाकीच्यांचे करार कागदावरच उरले. दशक संपता संपता कंपनीनं ते सोडून दिले.

दमणची वाट

करार फसण्यामागे दमणची वाटही होती. माळव्यातून मुंबई सर्वांत जवळ, पण तो मुलूख कंपनीचा, म्हणून व्यापाऱ्यांनी लांबचा वळसा शोधला. माल उंटांवर लादून मारवाडातल्या पालीला न्यायचा, तिथून जैसलमेरमार्गे वाळवंट ओलांडून सिंधमधल्या कराचीला, आणि कराचीहून जहाजानं पोर्तुगीजांच्या दमणला. दमणवर कंपनीचा हुकूम चालत नसे, आणि तिथून चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावला, म्हणजे पोर्तुगीजांच्याच दुसऱ्या बंदराला, जहाजं जात. गोव्याच्या कुळातले मुंबईचे व्यापारी रोझेरिओ द फारिया, मोतीचंद अमीचंद आणि जमशेटजी जीजीभॉय ही या व्यापारातली मोठी नावं होती.

दमणची वाट लांब, खर्चीक आणि जोखमीची होती. तरी ती परवडत होती, कारण चीनमध्ये भाव तसा मिळत होता. माळव्यातल्या पेढ्या, राजपुतान्यातले वाहतूकदार, सिंधचे अमीर आणि पोर्तुगीज अधिकारी या सगळ्यांचा त्यात हिस्सा होता. कंपनीला मात्र एक पैसा मिळत नव्हता.

पासाचं गणित

१८३०-३१ मध्ये कंपनीनं धोरण बदललं. अडवणं जमत नसेल तर वाट खुली करून द्यावी आणि तिच्यावर शुल्क घ्यावं, असं ठरलं. व्यापाऱ्यानं पेट्या सरकारी काट्यावर आणाव्यात, दर पेटीमागे ठरलेली रक्कम भरावी, पास घ्यावा आणि माल सरळ मुंबईला न्यावा. पास नसलेली अफू कंपनीच्या हद्दीत सापडली तर जप्त. या कामाचं मुख्य ठाणं इंदूर झालं. इंदूरचा ब्रिटिश प्रतिनिधीच माळव्याचा अफू एजंट असे. पुढे उज्जैन, रतलाम, जावरा, मंदसोर अशा ठिकाणीही काटे बसले.

पासाचा दर किती ठेवायचा, या प्रश्नात सगळी गोम होती. व्यापाऱ्यापुढे दोन वाटा होत्या. दमणला माल पोचवायचा तर वाहतूक, जकाती, विमा आणि लागणारे महिने हे सगळं मिळून एका पेटीवर काही खर्च पडे. मुंबईला न्यायचा तर वाहतूक स्वस्त, पण पासाचे पैसे द्यावे लागत. दोन वाटांच्या खर्चात जेवढा फरक, त्याहून पासाचा दर कमी असेल तर व्यापारी मुंबईला येणार. जास्त असेल तर पालीची वाट धरणार. कंपनीचा नफा तिच्या हुकमावर अवलंबून नव्हता. वाळवंटातल्या उंटाचं भाडं आणि सिंधच्या अमिरांची जकात त्याची मर्यादा ठरवत होती.

सुरुवातीला पेटीमागे १७५ रुपये दर ठेवला. तो जड झाला आणि पुष्कळ माल दमणकडेच जात राहिला. १८३५ मध्ये दर १२५ रुपयांवर आणला, तसा माल मुंबईकडे वळू लागला. मग फेब्रुवारी १८४३ मध्ये मियाणीच्या लढाईत सिंधच्या अमिरांचा पराभव झाला आणि सिंध ब्रिटिशांच्या ताब्यात गेला. कराचीची वाट बंद झाली. त्याच वर्षी पासाचा दर २०० रुपये झाला, १८४५ मध्ये ३०० आणि १८४७ मध्ये ४००. १८६०च्या दशकात तो सहाशेच्या घरात होता. सिंध जिंकण्याची कारणं अनेक होती आणि एकट्या अफूवर त्याचं खापर फोडता येणार नाही. पण दुसरी वाट बंद होताच चार वर्षांत दर सव्वाशे रुपयांवरून चारशेवर गेला, हे आकडे स्वतःच बोलतात. व्यापाऱ्याला पर्याय असेपर्यंत कर सौम्य राहिला. पर्याय संपताच तो हवा तेवढा वाढवता आला.

या व्यवस्थेत कंपनीकडे माळव्यात ना शेत होतं, ना कारखाना, ना जहाज. एक काटा, काही कारकून, एक शिक्का आणि बंद केलेल्या वाटा एवढ्यावर दर वर्षी मोठी रक्कम जमा होत होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही वर्षं तर बंगाल आणि माळवा मिळून अफूचं उत्पन्न ब्रिटिश हिंदुस्थानच्या महसुलाच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास होतं.

मुंबईहून लिंतिन, लिंतिनहून लंडन

मुंबईत माल पोचला की तो पारशी, गुजराती, बगदादी यहुदी आणि ब्रिटिश व्यापाऱ्यांच्या हाती जाई. जमशेटजी जीजीभॉय यांचा माल चीनमध्ये जार्डिन मॅथेसन ही कंपनी विकत असे. चीनमधल्या कँटन बंदराजवळच्या लिंतिन बेटाशी मोठी जहाजं नांगर टाकून तरत्या गोदामांसारखी उभी असत. चिनी तस्कर रात्री वेगवान होड्यांतून येत, चांदी मोजत आणि पेट्या घेऊन किनाऱ्याला पसार होत. स्थानिक अधिकाऱ्यांना लाच पोचलेली असे.

ती चांदी पुढे कुठे जाई, हे समजलं की सगळं चक्र उलगडतं. इंग्लंडला चीनचा चहा हवा होता आणि चीनला इंग्लंडचा माल फारसा नको होता. त्यामुळे पूर्वी चहासाठी इंग्लंडला चांदी मोजावी लागे. अफूनं हा प्रवाह उलटवला. कँटनमध्ये अफू विकून आलेली चांदी व्यापारी तिथल्याच कंपनीच्या खजिन्यात भरत आणि तिच्या बदल्यात लंडन किंवा कलकत्त्यावरची हुंडी घेत. कंपनी त्या चांदीतून चहा विकत घेई. चहा लंडनला पोचला की ब्रिटिश सरकारला त्यावर कर मिळे. व्यापाऱ्याचा पैसा हुंडीनं सुखरूप घरी येई. माळव्याच्या शेतातला चीक असा लंडनच्या चहाच्या पेल्यात उतरत होता, आणि मधल्या प्रत्येक ठिकाणी कुणीतरी आपला टक्का घेत होतं.

नळीच्या दुसऱ्या टोकाला

साखळीच्या शेवटी चीनमधली माणसं होती. अफू ओढणाऱ्यांत दरबारी होते, शिपाई होते, कारकून होते, हमालही होते. व्यसन पक्कं झालं की भूक मरते, काम होत नाही, घरातलं एकेक विकलं जातं. राज्यकारभारावर परिणाम वेगळाच झाला. चीनमध्ये रोजचे व्यवहार तांब्याच्या नाण्यांत होत, पण सारा चांदीच्या हिशेबानं भरावा लागे. चांदी बाहेर जाऊ लागली तशी ती महागली. तांब्याची तेवढीच नाणी कमावणाऱ्या शेतकऱ्याला त्याच साऱ्यासाठी आता जास्त नाणी मोजावी लागू लागली. ज्यानं आयुष्यात अफूला हात लावला नाही, त्याच्याही पाठीवर अफूचं ओझं पडलं ते असं.

१८३९ मध्ये बादशहानं लिन झेशू या कडक आणि स्वच्छ अधिकाऱ्याला कँटनला पाठवलं. त्यानं परदेशी व्यापाऱ्यांकडून २० हजारांहून अधिक पेट्या ताब्यात घेतल्या आणि जूनमध्ये हुमेनच्या किनाऱ्यावर खड्डे खणून, मिठाच्या पाण्यात आणि चुन्यात कालवून तीन आठवड्यांहून अधिक काळ ती अफू नष्ट केली. त्यानं व्हिक्टोरिया राणीला उद्देशून पत्रही लिहिलं. जे आपल्या लोकांच्या जिवाला घातक, ते नफ्यासाठी दुसऱ्यांच्या लोकांना विकणं कुठल्या न्यायात बसतं, असा त्याचा साधा प्रश्न होता. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून लढाऊ जहाजं आली.

ब्रिटिश संसदेत एप्रिल १८४० मध्ये या युद्धावरून सरकारला दोष देणारा ठराव अवघ्या नऊ मतांनी पडला. दूर लंडनमध्येही मतदान करणाऱ्या निम्म्याच्या जवळपास सभासदांनी सरकारला दोष दिला होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या काळाची नीतीच वेगळी होती, असं म्हणून हा विषय मिटवता येत नाही. २९ ऑगस्ट १८४२ च्या नानकिंगच्या तहानं चीनला हाँगकाँग द्यावं लागलं, पाच बंदरं खुली करावी लागली आणि २ कोटी १० लाख डॉलरची रक्कम भरावी लागली. तिच्यात नष्ट केलेल्या अफूची किंमतही धरलेली होती. दुसऱ्या युद्धाच्या काळात, १८५८ मध्ये, अफूची आयात चीनला कायदेशीर करावी लागली.

इंदुरात काय साठलं

या सगळ्या काळात इंदूर वाढत होतं. पेढ्या आल्या, दलाल आले, वखारी उभ्या राहिल्या. माळव्याच्या अफूचा भाव चीनमधल्या बातम्यांवर आणि कलकत्त्याच्या लिलावावर हले, त्यामुळे इंदूर, उज्जैन, रतलामच्या बाजारात अफूचा सट्टा जोरात चाले. होळकर दरबाराला जमिनीचा जादा सारा आणि स्वतःची जकात मिळे. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० च्या सुमारास खंडवा–इंदूर रेल्वेसाठी ब्रिटिश सरकारला १ कोटी रुपयांचं कर्ज दिलं. ही रक्कम अफूचीच होती असं म्हणता येणार नाही. पण ज्या मुलुखाच्या भरभराटीतून ती उभी राहिली, त्या मुलुखाचं मुख्य निर्यात पीक अफू हेच होतं. रेल्वे आल्यावर पेट्याही याच मार्गानं मुंबईला जाऊ लागल्या.

मुंबईतही तसंच झालं. जमशेटजींना १८४२ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. त्यांच्या देणग्यांतून उभं राहिलेलं जे. जे. रुग्णालय आजही गोरगरिबांवर उपचार करतं. त्या दानाचं मोल कमी करण्याचं कारण नाही. मात्र दान देणाऱ्याच्या गावात पैसा दवाखाना होऊन दिसतो आणि ज्याच्या घरून तो निघाला त्याच्या गावात काही दिसत नाही, हे जागतिक व्यापाराचं वैशिष्ट्य आपण डोळ्यांआड करू नये.

आयोग आला आणि गेला

विरोध झालाच नाही असं नाही. दादाभाई नवरोजी यांनी अफूच्या उत्पन्नावर उघड टीका केली. चीनचं नुकसान करून हिंदुस्थानातून पैसा बाहेर नेण्याचं हे साधन आहे, असं त्यांनी मांडलं. तरुण रवींद्रनाथ ठाकूर यांनी १८८१ मध्ये ‘भारती’ मासिकात या व्यापाराविरुद्ध निबंध लिहिला. इंग्लंडमध्ये १८७४ पासून अफूविरोधी संस्था काम करत होती.

त्यांच्या दबावामुळे १८९३ मध्ये शाही अफू आयोग नेमला गेला. आयोगानं हिंदुस्थानभर फिरून साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये तो इंदुरातही बसला. पण आयोगापुढच्या प्रश्नांचा रोख हिंदुस्थानावर होता. इथले लोक अफू किती खातात, बंदी घातली तर महसूल किती बुडेल, संस्थानांना भरपाई किती द्यावी लागेल, लोक तो बोजा उचलतील का, हे विचारलं गेलं. संस्थानी अधिकारी, व्यापारी आणि जमीनदार यांनी आपापलं नुकसान मांडलं आणि ते खोटं नव्हतं. १८९५ च्या अहवालात बंदीची गरज नाही असा निष्कर्ष निघाला. हेन्री विल्सन या एकाच सभासदानं विरोधी मत नोंदवलं.

चौकशी कशी चालते याचा हा धडा आहे. ज्याचं नुकसान बंदीमुळे होणार तो साक्षीला समोर बसलेला असतो. ज्याचं नुकसान व्यापारामुळे होतं तो हजारो मैलांवर असतो. प्रश्न कोणता विचारायचा हे आधीच ठरलं, की खरी साक्ष देणारी माणसंसुद्धा चुकीच्या निकालाला हातभार लावतात.

व्यापार थांबला, भार कुणावर पडला

बदल झाला तो चीनमधून रेटा आल्यावर. १९०६ मध्ये चीन सरकारनं दहा वर्षांत अफू संपवण्याचं फर्मान काढलं. पुढच्या वर्षी ब्रिटिशांशी करार झाला. १९०८ पासून हिंदुस्थानची निर्यात दर वर्षी एक दशांशानं घटवायची, चीननंही आपला पेरा त्याच प्रमाणात कमी करायचा, असं ठरलं. १९०९ मध्ये शांघायला आंतरराष्ट्रीय आयोग भरला, १९१२ मध्ये हेगला पहिला आंतरराष्ट्रीय अफू करार झाला. १९१३ मध्ये चीनला जाणारी अफू थांबली.

थांबण्याच्या आधीच्या वर्षांत माल कमी होत गेला तसे भाव भडकले. ज्यांच्याकडे साठा आणि भांडवल होतं, त्यांनी त्या सट्ट्यात प्रचंड कमाई केली. इंदूरचे सर हुकुमचंद हे त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव. या पैशाला पुढे कापड गिरण्यांची वाट सापडली. हुकुमचंद मिल पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झाली, १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांची थकलेली देणी मिळायला डिसेंबर २०२३ उजाडलं. शेतकऱ्याला मात्र साठा करता येत नव्हता. त्याचं रोख पीक गेलं, कर्ज राहिलं, आणि त्यानं जमीन कापूस आणि धान्याकडे वळवली. व्यापार चालू असताना सर्वांत कमी वाटा ज्याचा, व्यापार बंद होताना सर्वांत मोठा भार त्याचाच, असं झालं.

हेच आजही घडताना दिसतं. एप्रिल २०२२ मध्ये तालिबाननं अफगाणिस्तानात अफूच्या पेऱ्यावर बंदी घातली. २०२३ मध्ये पेरा सुमारे ९५ टक्क्यांनी घटल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीत आढळलं. साठा बाळगणाऱ्यांना चढ्या भावाचा फायदा झाला, तर आधीच उपाशी असलेल्या देशातल्या लहान शेतकऱ्याचं उत्पन्न बुडालं. पिकाची मागणी जगात तशीच राहिली आणि त्याच वर्षी यादवी युद्धात होरपळणारा म्यानमार सर्वांत मोठा उत्पादक बनला. पर्यायी रोजगाराशिवाय घातलेली बंदी विषाचं ठिकाण बदलते आणि गरिबाची भाकर हिसकावते.

तीच माती, आजचा परवाना

मंदसोर, नीमच, रतलाम या जिल्ह्यांत अफू आजही पिकते, पण कायद्याच्या चौकटीत. दर हंगामासाठी केंद्र सरकार धोरण जाहीर करतं, ग्वाल्हेरला मुख्यालय असलेला केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरो शेतकऱ्याला परवाना देतो. त्याला तिथे पट्टा म्हणतात आणि जमीन आरीत मोजतात. दहा आरी म्हणजे हेक्टरचा दहावा भाग. चिरा कधी द्यायच्या हे ठरतं, रोजच्या चिकाची नोंद गावचा मुखिया ठेवतो, हंगामाच्या शेवटी सरकारी केंद्रावर तौल होतो आणि माल नीमचच्या सरकारी कारखान्यात जातो. मालातलं मॉर्फिनचं प्रमाण कमी भरलं तर पुढच्या वर्षी पट्टा धोक्यात येतो. अलीकडे काही शेतकऱ्यांना चीर न देता वाळलेली बोंडंच सरकारला द्यायची, अशा अटीवर पट्टे मिळतात.

या मालातून मॉर्फिन आणि कोडीन निघतं. कर्करोगाच्या असह्य वेदनेवर मॉर्फिन हे स्वस्त आणि खात्रीचं औषध आहे. तरीही १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यातल्या परवान्यांच्या गुंत्यामुळे आपल्याच देशातल्या असंख्य रुग्णांना ते मिळत नव्हतं. म्हणून २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून आवश्यक औषधांसाठी नियम सुटसुटीत केले गेले. पासाच्या काळात विष मोकळं सुटलं होतं. नंतर औषधच अडकून पडलं. दोन्ही वेळा किंमत मोजली ती कचेरीपासून दूर असलेल्या माणसानं.

इंदूरच्या पासाची ही सगळी हकीकत मांडली ती एका कामासाठी. जगातल्या कुठल्याही अन्यायाची बातमी आली, मग ती खाणीतल्या बालमजुरांची असो, युद्धातल्या देशाकडून स्वस्तात येणाऱ्या तेलाची असो, किंवा कपडे शिवणाऱ्या बायकांच्या पगाराची असो, काही प्रश्न क्रमानं विचारावेत. माल कुठे पिकतो? उचल कोण देतं? तो कुठल्या काट्यावर तोलला जातो आणि परवाना कोण देतं? दुसरी वाट कुणी बंद केली? पैसा कोणत्या मार्गानं परत येतो? चौकशीला कुणाला बोलावलं जातं आणि कुणाला नाही? आणि व्यवहार थांबला तर भार कुणावर पडेल? ही उत्तरं एकापुढे एक मांडली की जबाबदारी वाटली गेल्यानं कमी होत नाही, हे दिसतं. काट्यावरच्या कारकुनापासून चहा पिणाऱ्यापर्यंत प्रत्येकाचा हिस्सा लहान होता; चीनच्या माणसावर पडलेलं ओझं मात्र त्या सगळ्या हिश्श्यांची बेरीज होतं. आपल्या हातातून जाणाऱ्या मालाची पुढची वाट विचारणं, हा म्हणूनच व्यापाराचाही भाग आहे आणि माणुसकीचाही.